शेऱ्याचा रकाना

आपण मेलेल्या माणसांचे काही देणे लागतो काय? आणि लागत असलो, तर ते फेडायचे कसे?

हा प्रश्न मला एका चित्राने घातला. इंग्लंडात थेम्स नदीच्या काठी कुकम नावाचे खेडे आहे. स्टॅन्ली स्पेन्सर हा चित्रकार १८९१ साली तिथे जन्मला. १९२४ ते १९२७ या काळात त्याने गावच्या चर्चच्या आवारातले दफनस्थान रंगविले. चित्र चांगले १८ फूट रुंद आहे. अखेरच्या निवाड्याचा दिवस उजाडला आहे, थडगी उघडली आहेत, आणि दुपारच्या झोपेतून जागे व्हावे तशी माणसे बाहेर येत आहेत. कुणी दगडाला रेलले आहे. मागे नदीवर नाव दिसते. घाई कुणालाच नाही!

चित्राची छापील प्रत पाहताना मनात येते, ज्यांच्या नावाचा दगडच नव्हता त्यांचे काय? दगडाला पैसे पडतात. शेतमजूर, नावाडी, मोलकरीण यांच्या मातीवर गवत उगवले की खूण पुसली. अशांचे नाव राहिले ते चर्चच्या वहीत.

या वह्यांचा जन्म १५३८ सालचा. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की दर पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. लोकांना वाटले, हा नव्या कराचा डाव! ती शंका पुढे, अडीचशे वर्षांनी का होईना, खरी ठरली. १७८३ साली दर नोंदीला ३ पेन्स कर बसला आणि १७९४ पर्यंत चालला. गावाच्या मदतीवर जगणाऱ्यांना मात्र सूट होती. म्हणजे गरिबाला तीन पेन्स वाचवायचे, तर ‘निर्धन’ हा शेरा कायमचा पत्करावा लागे. आज त्याचा वंशज मोठ्या हौसेने पूर्वज शोधायला बसतो. मनात कुणी सरदार निघेल अशी आशा असते, आणि हाती येतो तो हा शेरा.

त्याहून बोचरा शेरा लेकरांच्या नावापुढचा. लग्नाशिवाय झालेल्या मुलापुढे ‘अनौरस’ असे लिहीत. एखादा लॅटिनचा शौकीन पाद्री ‘फिलिअस पोपुली’, म्हणजे ‘लोकांचा पुत्र’, असे लिही. गंमत अशी, की जुन्या वह्यांत औरस मुलापुढे पुष्कळदा एकट्या बापाचेच नाव असते. आईचा उल्लेखही नसतो. १८१३ पासून छापील रकाने आले आणि त्यांत दोघांची नावे मागितली जाऊ लागली. त्याआधी कितीतरी सुखी संसारातल्या बाया वहीतून नाहीशा झाल्या, आणि जिची अब्रू गेली तिचे नाव मात्र स्पष्ट अक्षरांत उरले!

पाद्री म्हणेल, ‘मी खरे तेच लिहिले.’ मला ते पुरते पटत नाही. मूल काही एकट्या आईचे नसते. बापाची जागा कोरी सोडून आईपुढे शेरा मारला, तर ते अर्धे सत्य झाले. आणि अर्ध्या सत्यात दोघांपैकी दुबळ्यालाच शिक्षा होते.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितो आहे खरा. पण मीही वह्या भरणारा माणूस आहे. मास्तरकीच्या पहिल्याच वर्षी एक बाई मुलाचे नाव घालायला आली. वडिलांचे नाव विचारताच तिने मान खाली घातली. मी वळणदार अक्षरात शेरा लिहिला, ‘वडिलांचा पत्ता नाही.’ पुढे मुलगा सातवी होऊन निघाला, तेव्हा तो शेरा जसाच्या तसा दाखल्यावर उतरला. बाई दाखला घेऊन परत आली.

“गुरुजी, लिहिलंय ते खोटं नाही. पण लिहायलाच हवं होतं का?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती ओळ कुणाच्या उपयोगाची होती? शाळेच्या नाही, मुलाच्या तर नाहीच. रकाना रिकामा दिसू नये, एवढ्याचसाठी मी ती लिहिली होती.

मग असल्या ओळी खोडून टाकाव्यात काय? तेही मन घेत नाही. चारशे वर्षांनी कुणी आपल्या कुळाचा शोध घेत येईल, तेव्हा त्या शेऱ्याशेजारीच त्याला एका बाईचे नाव सापडेल. ओळ खोडली तर तीही जाईल. म्हणून मला वाटते, हे देणे दोघांनी मिळून फेडायचे आहे. लिहिणाऱ्याने हात आखडावा, आणि वाचणाऱ्याने मन मोठे करावे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा नियम झाला. ती बातमी वाचली तेव्हा मला ती बाई आठवली. यंदा जूनमध्ये नवी मुले दाखल करून घेताना प्रत्येकाच्या आईचे नाव मी सावकाश, विचारून विचारून लिहिले. शेऱ्याचा रकाना कोराच ठेवला.