बिऱ्हाडकरू, घरमालक आणि कुत्रें

जागा आणि बिऱ्हाड हे दोन शब्द आपल्या भाषेंत एकाच चार भिंतींना लागूं पडतात. पण ते उच्चारणारीं तोंडें वेगळीं असतात. मालक जागा देतो, घेणारा तींत बिऱ्हाड करतो. जागेला क्षेत्रफळ असतें, भाडें असतें, अनामत असते. बिऱ्हाडांत म्हातारी आई असते, देव्हारा असतो, पोरांचीं भांडणें असतात, आणि क्वचित् एखादें कुत्रेंहि असतें. या शेवटच्या सभासदावरून मालक व बिऱ्हाडकरू यांचें पुष्कळदां बिनसतें. वाद क्षुल्लक वाटेल. परंतु एकाच्या मालकीच्या भिंतींत दुसऱ्यानें कसें जगावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्या पोटांत आहे, आणि तो क्षुल्लक नाहीं. आम्ही स्वतः पुण्यांत भाड्यानें राहतों, आमच्या करारपत्रांतहि कुत्र्याला मज्जाव करणारें कलम आहे, आणि घरांतील धाकट्या मंडळींचा कुत्र्यासाठीं हट्ट चालूच आहे. तेव्हां आमचें मत तटस्थाचें नव्हे, हें वाचकांनीं प्रारंभींच ध्यानांत घ्यावें.

कायद्याकडे पाहिलें तर बिऱ्हाडकरूची बाजू लंगडी दिसते. महाराष्ट्रांतील शहरांत आज जागा मिळते ती बहुधा ‘लीव्ह अँड लायसेन्स’च्या करारानें, आणि तो करारहि बहुधा ११ महिन्यांचा. १८८२ च्या इझमेंट कायद्याप्रमाणें लायसेन्स म्हणजे केवळ परवानगी. तिनें जागेंत कसलाहि हितसंबंध उत्पन्न होत नाहीं. म्हणजे दरमहा भाडें मोजणारा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीनें दिवस ठरवून आलेला पाहुणाच होय. कुत्र्याला बंदी करतांच येत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. भारतीय पशुकल्याण मंडळानें २०१५ सालीं काढलेल्या सूचना आणि केरळच्या उच्च न्यायालयानें २०२१ सालीं दिलेला निकाल यांचा रोख सोसायट्या व रहिवाशांचे संघ यांच्यावर आहे. बहुमताच्या जोरावर त्यांनीं रहिवाशाचें जनावर बाहेर काढूं नये, इतकाच त्यांचा इत्यर्थ. मालकानें स्वतःच्या करारांत घातलेल्या अटीचा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं.

मालकाचेंहि ऐकलें पाहिजे. प्रॉव्हिडंट फंडाची पुंजी घालून ज्यानें दोन खोल्या घेतल्या, त्याला दारावरचे ओरखडे, खोलींतील वास, रात्रींच्या भुंकण्यावरून शेजाऱ्यांच्या कागाळ्या यांची धास्ती वाटली, तर त्याला निर्दय म्हणणें हा उथळपणा होय. परंतु हीं सारीं कारणें एखाद्या विशिष्ट कुत्र्याविरुद्ध, किंबहुना विशिष्ट धन्याविरुद्ध आहेत. कलम मात्र सगळ्या श्वानजातीविरुद्ध आहे. मिल्लनें १८५९ सालीं व्यक्तीच्या आचरणावर निर्बंध घालण्यास दुसऱ्याला होणारी इजा हेंच एक पुरेसें कारण मानलें. तो बोलत होता राजसत्तेविषयीं व समाजाविषयीं, दोघांनीं राजीखुषीनें केलेल्या कराराविषयीं नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पण ज्या शहरांत दहा जागा पाहाव्या आणि दहाहि करारांत तेंच कलम सांपडावें, तेथें करार नांवाचाच उरतो. तो त्या शहराचा कायदाच झालेला असतो. न पाहतां नाकारण्याची खोड कुत्र्यापाशीं थांबतेहि नाहीं. आडनांव ऐकून, ताटांत काय असतें तें विचारून, लग्न झालें आहे कीं नाहीं तें पाहून जागा नाकारणारे मालक आपणां सर्वांस ठाऊक आहेत. तो अन्याय माणसावरचा, म्हणून कितीतरी जड.

फ्रान्सनें १९७० च्या कायद्यानें निवासाच्या भाडेकरारांतील असली सरसकट बंदी निरर्थक ठरविली, आणि जनावरानें नासधूस वा उपद्रव केल्यास त्याची जबाबदारी बिऱ्हाडकरूवर ठेविली. जर्मनीच्या संघीय न्यायालयानें २०१३ सालीं छापील करारांतील तसलेंच कलम रद्दबातल ठरवून, प्रत्येक प्रकरणीं दोन्ही बाजूंच्या हिताचें वजन करावें असें सांगितलें. इंग्लंडसाठीं ब्रिटिश पार्लमेंटनें २०२५ सालीं केलेल्या कायद्यांत, बिऱ्हाडकरूनें लेखी परवानगी मागावी व मालकानें वाजवी कारणावांचून ती नाकारूं नये, अशी तजवीज आहे. ही शेवटली रीत आम्हांस विशेष पसंत पडते. तींत मालकाला नकार देण्याची मोकळीक आहे. मात्र कारण न सांगण्याची नाहीं. आपल्या विधिमंडळानें असें कांहीं करावें.

पण तें होईपर्यंत काय? आमच्या सुशिक्षित वर्गांत एक तोड रूढ होऊं लागली आहे: सही करावी आणि मागाहून पिलूं आणावें, मालक परगांवीं असतो, त्याला कोण सांगतो! अन्यायी अटीला फसवणूक हेंच उत्तर, असें तिचें समर्थनहि आम्हीं ऐकलें आहे. पाळावयाचें नाहीं हें मनांत धरून दिलेल्या वचनाचा समाचार कांटनें १७८५ सालींच घेतला आहे. परंतु मालकाशीं केलेली प्रतारणा हा यांतील लहान दोष. मोठा दोष असा कीं, ज्यानें या करारावर सही केलेली नाहीं, त्याच्यावरच त्याचा सगळा दंड बसतो. कुत्रें साधारणतः १० ते १३ वर्षें जगतें. मधलीं १२ वर्षें धरलीं, तर त्या एका जीवाला ११ महिन्यांचे तेरा करार ओलांडावयाचे असतात. त्यांपैकीं एखाद्यांत बिंग फुटलें कीं बिऱ्हाडकरूला दुसरी जागा मिळते. कुत्रें मात्र गांवाबाहेर कोठें तरी सोडलें जातें. दोन्ही वेळां ताटलींत आयतें खाल्लेल्या प्राण्याला उकिरड्यावर पोट भरतां येत नाहीं, आणि तेथलीं कुत्रीं त्याला आपल्या हद्दींत उभें राहूं देत नाहींत.

धर्मराजाची कथा या वादांत हटकून येते. महाप्रस्थानिक पर्वांत इंद्र कुत्र्याला स्वर्गांत थारा नाहीं म्हणून सांगतो. कुत्र्यावरून अडून बसलेला आद्य घरमालक तोच म्हणावयाचा! युधिष्ठिरानें स्वर्ग नाकारला. पण कुत्र्याला उपरण्याखालीं झांकून रथांत चढण्याची युक्ति कांहीं त्यानें योजिली नाहीं. जें बोलावयाचें तें इंद्राच्या तोंडावर बोलला. शिवाय तें कुत्रें सारी वाट त्याच्यामागें चालत आलें होतें. तें आधींच त्याचें झालें होतें. आमच्या मतें विचाराचा खरा सांधा येथें आहे. पाळलेलें कुत्रें आणि पाळावेंसें वाटणारें कुत्रें हीं नीतिदृष्ट्या एक नव्हेत. ज्याच्या घरीं तें आहे, त्यानें स्वर्गासारखी जागाहि सोडावी, दोन कोस लांब राहावें, पण त्याला टाकूं नये. ज्याला तें नुसतें हवें आहे, त्याला अजून कर्तव्य चिकटलेलें नाहीं. त्याच्यापाशीं इच्छा आहे, आणि इच्छेला थांबतां येतें. रस्त्यावरच्या पिलाचें काय, असें कोणी विचारील. त्याला खाऊं घालण्यास वा लस टोंचवून आणण्यास कोणताहि भाडेकरार आड येत नाहीं.

आमचा करार दिवाळीनंतर संपतो. नवा करण्यापूर्वीं मालकांपुढें आम्ही लेखी मागणी ठेवणार आहों: एका महिन्याची जादा अनामत, दरवर्षीं रेबीजच्या लशीचा दाखला, आणि जागा सोडतांना दारें-भिंती आमच्या खर्चानें पूर्ववत्. नकार आला तर कारण विचारूं. तेंहि न मिळालें तर सही करूं, आणि धाकट्या मंडळींस आणखी ११ महिने थांबावयास सांगूं. त्यांनीं कुत्र्याचें नांव ठरवून ठेविलें आहे, असें कानांवर आलें आहे.