गाळलेल्या जागा

वयाच्या ६७ व्या वर्षी मी दारू गाळली. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नसलेला, जालन्यात तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलेला माणूस मी! पण दचकू नका. हा प्रकार अमेरिकेत, मुलाच्या घरी घडला. तिथं १९७८ साली कार्टरसाहेबांनी एका कायद्यावर सही केली आणि पुढच्या वर्षापासून घरापुरती बिअर करायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. जालन्याच्या उन्हाळ्यात एवढं पाणी जमवायचं म्हटलं तरी टँकर बोलवावा लागतो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्यावाचून असला उद्योग करू देत नाही. नाही देत तेच बरं. जे कायद्यानं बंद असतं ते न केल्याचं पुण्य फुकटात मिळतं.

तर चिरंजिवांनी १९ लिटरच्या पिंपात बिअर घातली होती आणि तिच्यात संत्र्यांचा गर सोडला होता. आठवड्यानं म्हणाला, "बाबा, बाटल्या भरायच्या आधी हा गर काढायला हवा. मदत करता?"

गर काढणं हा आमच्या घराण्याचा धंदा! जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकनाची, आणि तिचं सरबत गाळावं आमच्या आईनं. स्वच्छ धुतलेल्या पंचात गर घ्यायचा, पीळ द्यायचा, आणखी एक पीळ द्यायचा. चोथा असा कोरडा व्हायचा की गाय वास घेऊन पुढं जायची. मी बाह्या सरसावल्या आणि सुटकेसमधून पंचा काढला.

"पिळू नका!" चिरंजीव ओरडला.

मग त्यानं मला शिकवलं. मी त्याला बाराखडी शिकवली होती, त्याची परतफेड. गर तसाच राहिला तर नळीत अडकतो, बाटलीत गेला तर झाकण उघडताक्षणी फेस छताकडं धावतो. म्हणून काढायचा, पण पिळून नाही. पिळला की पांढऱ्या सालीचा आणि बियांचा कडवटपणा उतरतो. शिवाय ढवळाढवळीत हवा लागते आणि बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. (ओला पुठ्ठा यानं कधी खाल्ला, हे मी विचारलं नाही.) पिंप दोन-तीन दिवस गार जागी ठेवायचं. गर आपोआप तळाशी बसतो. मग नळीनं वरची निवळ अलगद काढून घ्यायची.

मला ते पटेना. आठवडाभर ज्यानं आपली चव दिली, त्याला तळाशी बसवायचं आणि वरच्यावर निघून जायचं? ही कृतघ्नता नव्हे काय? मुलाला मी तसं म्हणालोसुद्धा. तो हसला. "बाबा, त्याचं काम झालं. ठेवला तर सगळंच नासेल." आणि भरलेल्या बाटलीवर त्यानं चिठ्ठी चिकटवली. ठळक अक्षरांत लिहिलं होतं : संत्रं.

गर गेला होता, नाव राहिलं होतं.

त्या रात्री झोप लागेना. १९९३ साली आम्ही घर बांधलं. पैसे कमी पडले तेव्हा आईनं अंबडकडची मोसंबीची बाग विकली, पाटल्या मोडल्या. मग आमची दोन्ही मुलं तिनं वाढवली, कारण आम्ही दोघं नोकरीवर. म्हणजे पीळ, आणि आणखी एक पीळ. घराच्या पाटीवर मात्र माझं नाव पदवीसकट, सौभाग्यवतींचं पदवीसकट, मुलांची लाडाची नावं. आईचं नाव नाही. पाटी लहान होती, असं मी सांगितलं. कुणाला? स्वतःलाच. आईनं कधी विचारलंच नव्हतं.

माणसं बाजूला होतात, व्हावंही लागतं. त्यात पाप नाही. पाप पिळण्यात आहे, आणि चिठ्ठीवर नाव न घालण्यात. आयुष्यभर मी मुलांना 'गाळलेल्या जागा भरा' असा प्रश्न घालत आलो. माझ्याच दारावरची जागा मला दिसली नव्हती.

जालन्याला परतल्यावर पेंटरला बोलावलं. त्यानं पाटी न्याहाळली. "सर, जागा तर खालीच आहे. तळाशी बसवू का आजींचं नाव?"

"नाही," मी म्हणालो. "तळाशी ती पुष्कळ वर्षं बसली. नवी पाटी कर आणि सगळ्यांत वर घाल."

"मग तुमची पदवी मावणार नाही."

"गाळ," मी म्हणालो.