रिकाम्या डब्याचा ऐब

गच्चीची गळती थांबवणाऱ्या पॉलियुरेथेन सीलंटमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमाही जडू शकतो. डब्याच्या तळाशी थोडे सीलंट उरतेच. असे माखलेले डबे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतात. ते ९० दिवसांत अधिकृत केंद्राकडे द्यायचे. तळोज्यात असे केंद्र आहे. ठेकेदार मात्र डबा भंगारवाल्याला विकून मोकळा होतो.

खरेच मोकळा होतो? मालातला ऐब लपवून विकणे नाजायज, हे कापडाबाबत, जनावराबाबत आपण सगळेच मानतो. मग तोच डबा जाळून साफ करणाऱ्या पोराला आत काय आहे हे कोणी सांगितले? नियमाने वागणे महाग पडते, असे उत्तर मिळते. पडते खरे. पण वाचलेला खर्च त्या पोराच्या छातीतून वसूल होतो, आणि जकातीच्या वहीत त्याची नोंद नसते.