खरेपणाचे माप

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने संगणकावर उडवून दूरदेशीच्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्याचा छंद आपल्याकडील तरुणांनाही लागला आहे. २००१ साली ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ हा खेळ आला, तेव्हापासून अशा सिम्युलेटरांची थोरवी त्यांच्या खरेपणावरून ठरविली जाते. तेव्हा खरेपणा म्हणजे काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

यंत्रापुरता हा खरेपणा थक्क करणारा आहे. हरिकेन व स्पिटफायर यांच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. विमानाचे नाक एकाएकी खाली दाबले की इंधनाचा पुरवठा बिघडून इंजिन गचके खाई. जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये इंधन फवारले जात असल्याने त्याला ही अडचण नव्हती. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने भोक असलेली एक लहानशी चकती बसवून या दोषावर उतारा शोधला. चांगल्या सिम्युलेटरमध्ये हा दोषही इमानाने उतरविलेला असतो. वस्तूचे गुणदोष जसेच्या तसे मांडण्याच्या या निष्ठेला बौद्धिक प्रामाणिकपणाच म्हटले पाहिजे.

या खेळात कोणी मरत नाही, म्हणून तो खोटा, असा आक्षेप घेतला जातो. तो पुरेसा नाही. रंगभूमीवरही कोणी मरत नाही, तरी नाटक आपल्याला मृत्यूविषयी खरे काही सांगू शकते. आक्षेप घ्यायचा तो निवडीवर. हरिकेनचा मागचा भाग सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचा होता, हे खासबाग-वडगावच्या विणकराला कौतुकाचे वाटेल. सिम्युलेटर तेही दाखवील. परंतु वैमानिकासमोरच पेट्रोलची टाकी होती. ती पेटल्यावर भाजलेले चेहरे आणि हात आर्चिबाल्ड मॅकिन्डो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे पुन्हा घडविले. ती वर्षे या खेळात नाहीत; तेथे कळ दाबताच नवे विमान मिळते.

दुसरी उणीव आपल्याला अधिक जवळची आहे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन उडवीत होती. त्याच मोहिमेत, मार्च महिन्यात, संगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपान्यांशी झुंजत होती. विमानांतून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्याच हाती पडली. वरून पाहणाऱ्याला तो नेम चुकल्याचा हिशेब. खाली खंदकातल्या शिपायाला ती तहान होती. खेळात जमिनीवरची माणसे ठिपके असतात. ज्या बेळगावात मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे, तेथील घरांना त्या ठिपक्यांची नावे आणि आडनावे ठाऊक होती.

‘होती’ असे म्हणावे लागते, हीच चिंता आहे. ती पिढी आता जवळजवळ सरली. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने सांबऱ्याचा विमानतळ बांधला, ते पाहिलेले डोळेही आता फारसे उरले नाहीत. साक्षीदार गेले की अचूक यंत्रच साक्षीदार मानले जाते, आणि त्याने जे गाळले ते घडलेच नाही असे वाटू लागते. म्हणून नातवाचा खेळ बंद करण्याचे कारण नाही. त्याला इंजिन अचूक समजते आहे, ते समजू द्यावे. मात्र आपल्या घरातून कोण पलटणीत गेला आणि त्यांतला कोण परत आला नाही, हे त्याला सांगणे कोणत्याही सिम्युलेटरला शक्य नाही. ते काम वडीलधाऱ्यांचे आहे, आणि त्याला फार अवधी उरलेला नाही.