दानाचा हिशेब कोणी मागावा?

थंडी पडली की मुंबई-अहमदाबाद महामार्गाने आमच्या अच्छाडकडे दानाच्या गाड्या येऊ लागतात. गुजरातच्या सीमेवरच्या या गावात मी शिक्षक आहे. एका हिवाळ्यात आमच्या मुलांना पंधरा दिवसांत दोनदा ब्लँकेटे मिळाली. दुसऱ्या वेळी मी आलेल्या गृहस्थाला म्हणालो, "साहेब, ब्लँकेटे झाली. चार मुलांना फळ्यावरचे दिसत नाही, त्यांना चष्मे द्या." तो म्हणाला, "गुरुजी, देणगी ब्लँकेटांसाठी आली आहे. पैसा दुसरीकडे वळवला तर देणगीदाराला काय सांगू?" मुलांनी ब्लँकेटे पांघरून फोटो काढून दिला. चष्म्यांचे राहूनच गेले.

त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. पुढे विनय वाचताना वाटले, माणूस चुकला नव्हता. एका कारणासाठी मिळालेल्या दानातून दुसरीच वस्तू घेणे हा भिक्खुनींच्या पातिमोक्खात दोष सांगितला आहे. परंतु तेथेच सूटही आहे. उरलेले वापरले, दात्याला विचारून वळवले किंवा आपत्ती ओढवली, तर दोष नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले आणि लोक घरे सोडून उघड्यावर झोपू लागले. अशा वेळी वह्यांच्या पैशातून ताडपत्री घेणाऱ्याला कोण दोष देईल? मग चष्म्यांसाठी दात्याला एक पत्र का लिहिले गेले नाही? माझा आक्षेप एवढाच आहे.

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्यातही पुष्कळांना वाटते. विहाराच्या वर्गणीचा हिशेब विचारला की कार्यकर्ते रुसतात. त्यांनी आनंदाची कथा आठवावी. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजा संतापला, एवढ्या वस्त्रांचे हा करणार काय? त्याने जाऊन विचारले. आनंद रुसला नाही. ज्यांची चीवरे विरली त्यांना ही वाटू. जुन्या चीवरांची आच्छादने, त्या जुन्यांच्या गाद्यांच्या खोळी, पुढे जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि शेवटी त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन लिंपू. हे ऐकून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आता कायद्याकडे पाहा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने महाराष्ट्रातील न्यासांना नोंदणी व हिशेब तपासणी लागू केली. न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विदेशी देणग्यांवर निराळा कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीने त्यातील प्रशासकीय खर्चाची मर्यादा शेकडा ५० वरून २० वर आणली, आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी केली. शाळेतील शिक्षकाचा, दवाखान्यातील डॉक्टरचा पगार या मर्यादेत धरत नाहीत, हे ठीक. पण हिशेब लिहिणाऱ्याचा पगार आणि कार्यालयाचे भाडे त्यात धरले जाते. म्हणजे हिशेब चोख हवा, पण तो ठेवणाऱ्यावर खर्च कमी करा! मोठ्या संस्था यातून वाट काढतील. ज्या लहान मंडळांना मोठ्या संस्थेकडून चार पैसे मिळत होते, त्यांनी काय करावे? चोर पकडण्यासाठी नियम हवेतच. मात्र टक्का मोजल्याने चोर सापडतो असे मला वाटत नाही. कमी खर्चात निरुपयोगी वस्तू वाटणारा या मोजमापात प्रामाणिकच ठरतो.

या सगळ्यात सरकार हिशेब मागते, देणगीदार मागतो. ज्याच्या नावाने पैसा जमा झाला तो मात्र फोटोपुरताच असतो. वास्तविक १९५० च्या कायद्याच्या व्याख्येत अशा न्यासाचा लाभार्थी हाही हितसंबंधी व्यक्ती आहे. असे दोघे किंवा अधिक जण, आयुक्तांच्या संमतीने, गैरकारभाराविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतात. आमच्या पाड्यांवर हे कोणी कधी सांगितले? मीही पदवीधर होऊन नोकरीला लागलो तरी मला ठाऊक नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मी पालकसभेत हे सांगितले. पुढच्या आठवड्यात गाडी आली. वाटप संपता संपता एक आई उठली आणि म्हणाली, "आमच्या गावाच्या नावावर किती पैसे गोळा झाले, ते सांगा." आलेला माणूस गडबडला. माझ्याकडे पाहू लागला, जणू मीच शिकवले. शिकवले होतेच. "ऑफिसात विचारून कळवतो," म्हणाला. त्याचा फोन नंबर तिने मुलाच्या वहीत लिहून घेतला आहे.