पुढे पाठवण्याआधी एक श्वास



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाइलवर आधीच पसरले होते. संशय आला, जमाव जमला आणि पाचही जणांना मारहाणीत जीव गमवावा लागला. ज्यांच्या झोळीत आपण पिठाची मूठ घालायची, त्यांनाच आपण चोर ठरवले. त्याआधी मे महिन्यात आपल्या बेंगळुरूतही, चामराजपेटेत, अशाच अफवेने राजस्थानातून आलेल्या एका तरुणाचा बळी घेतला होता.

तेव्हा फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात. तो शेवटच कोणीतरी कापला.

महाभारतात युधिष्ठिराने अश्वत्थामा मारला गेला हे मोठ्याने सांगितले, आणि तो हत्ती होता हे हळूच. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. तेव्हापासून धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथही जमिनीला टेकला. अर्धसत्याचा दोष त्यालाही चुकला नाही.

मीही असाच एक संदेश घरच्या ग्रुपवर पाठवला होता. माझ्या मावशीने आठवडाभर मुलाला खेळायला बाहेर सोडले नाही. मी वाणिज्य शाखेत शिकतो. पावती नसेल तर दहा रुपयांचा खर्चही आम्ही वहीत धरत नाही, आणि इथे मात्र पुरावा न मागता भीती वाटून मोकळा झालो! मावशीने संदेशावर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवला होता. हेच मला जास्त लागले.

२०१८ च्या जुलैमध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. पण मनाला मर्यादा बाहेरून घालता येत नाही. ती साधनेतूनच येते.

म्हणून आजपासून एवढे करूया. राग किंवा भीती वाटायला लावणारा संदेश आला, की डोळे मिटून एक दीर्घ श्वास घ्यायचा. मग स्वतःला विचारायचे: हे मला कोठून कळले? हे पूर्ण आहे का? याने कोणाला इजा होईल का? उत्तर मिळाले नाही, तर संदेश आपल्यापाशीच थांबू द्यायचा. आणि चूक झालीच, तर ज्यांना पाठवला त्या प्रत्येकाला ‘माझे चुकले’ असे कळवायचे. मी मावशीला फोन केला. ती हसली, आणि मुलाला खेळायला पाठवले.

वाणीचा संयम आता बोटांनाही शिकवायला हवा.