फाट्यावरचा फ्लेक्स

वैजापूरहून शिऊरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा आहे. एका जुलैत तिथे फ्लेक्स लागला. डावीकडे अकरावी सायन्सच्या एका मुलीचा आधार कार्डावरचा फोटो, उजवीकडे तिच्या नानांचा, तिच्या दीडपट. मधे ठळक अक्षरांत: 'आमच्या पुतणीची अकरावीतच आयआयटीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुकांच्या यादीत नानांचं नाव दोनदा होतं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

निवड वगैरे काही झालेली नव्हती. कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, की आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून एनपीटीईएल नावाचा उपक्रम चालवतात. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात ते विषय घरबसल्या शिकता येतात, आणि शिकायला पैसे पडत नाहीत. मुलीने घरी येऊन 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन' या आयआयटी रोपरच्या 12 आठवड्यांच्या कोर्सला नाव घातलं. ईमेल आयडी होता, तेवढा पुरला. रात्री जेवताना ती म्हणाली, "आयआयटीचा कोर्स लावलाय." नानांनी त्यातला 'कोर्स' वगळला आणि बाकीचं फाट्यावर टांगलं.

शाळेत असतानाच कॉलेजचं शिकायचं, याला दुहेरी प्रवेश म्हणतात. तिकडे अमेरिकेत शाळेतली मुलं जवळच्या कॉलेजात जाऊन तास करतात आणि त्यांचे गुण शाळेतही धरतात, कॉलेजातही. आपल्याकडचा दुहेरी प्रवेश निराळा: नाव तालुक्याच्या कॉलेजात आणि मुक्काम संभाजीनगरला क्लासच्या होस्टेलात. तो मोडायला सरकारने 2018 मध्ये सायन्सच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. बोटाचा ठसा घेता येतो, पण पोरगं वर्गात बसून शिकतंय की नाही ते यंत्राला कळत नाही. या मुलीचं तसं नव्हतं. ती दिवसा वर्गात असायची आणि रात्री रोपरच्या वर्गात. फक्त तिच्या अकरावीच्या गुणपत्रिकेत या दुसऱ्या वर्गासाठी रकाना नव्हता.

फ्लेक्स लागल्यावर वर्गातली पोरं विचारायला आली, "तुझा नंबर कसा लागला?" ती खरं बोलली. "नंबर नाही लागत. कुणीपण नाव घालू शकतं." आठवड्याभरात आणखी अकराजणांनी नाव घातलं. त्यात मोटार रिवायंडिंगच्या दुकानदाराचा मुलगा होता. नानांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते चिडले. "सगळ्यांनाच मिळत असंल तर फ्लेक्स कशापायी लावला मी?"

"तेच तर म्हणते नाना, काढा तो."

"आता काढला तर लोक म्हणतील, पोरीला काढून टाकली."

फ्लेक्स राहिला. सकाळी एसटीतून जाताना ती खिडकीची बाजू बदलून बसायची. दूध घालायला येणारा माणूससुद्धा विचारायचा, "मग, काय म्हणती आयआयटी?"

कोर्सच्या असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री 11 वाजून 59 मिनिटांना संपते. प्रोग्राम फोनवरच लिहायचा. पायथनमध्ये ओळ कुठून सुरू होते याला फार महत्त्व. एकाच गटातल्या एका ओळीआधी चार मोकळ्या जागा आणि दुसरीआधी तीन पडल्या की लाल अक्षरांत चूक दाखवतं. फोनच्या त्या एवढ्याशा पडद्यावर मोकळी जागा मोजायची कशी? तिसऱ्या आठवड्यात ती साडेअकरापर्यंत एकाच प्रोग्रामशी झटत होती. मग यूट्यूबवर शोधलं, तर त्याच असाइनमेंटची उत्तरं तयार. टाकली. पूर्ण मार्क पडले. पुढच्या बुधवारी तिने साडेअकरापर्यंत वाट पाहिली नाही. फाट्यावर ज्याचा फोटो आहे त्याला कमी मार्क पडून कसं चालेल?

रिवायंडिंगवाल्याच्या मुलाकडे स्वतःचा फोन नव्हता. दुकान बंद झालं की वडिलांचा मिळायचा, तोही तासभर. म्हणून तो दिवसा वहीवर प्रोग्राम लिहायचा, चौकटीच्या वहीवर, एका चौकटीत एक अक्षर. मोकळी जागा म्हणजे मोकळी चौकट. रात्री नुसतं उतरवायचं. कधी चुकायचं, कधी मुदतच हुकायची. बारापैकी उत्तम आठ असाइनमेंट धरतात म्हणून निभावलं. त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

सप्टेंबरच्या वावटळीत फ्लेक्स एका बाजूने फाटला. मुलीच्या वडिलांनी तो उतरवून मक्याच्या ढिगावर घातला, छापील बाजू खाली करून. नाना दोन दिवस बोलले नाहीत.

बाराजणांतले चौघं शेवटपर्यंत टिकले. शिकणं फुकट असलं तरी परीक्षेची फी हजाराच्या घरात, आणि ती कोर्स चालू असतानाच भरावी लागते. मुलीची नानांनी भरली. मुलाची वडिलांनी, एका मोटारीच्या कामातून. उरलेल्या दोघींच्या घरी तेव्हा खुरपणीच्या मजुरीला पैसे पुरत नव्हते.

कापूस वेचणी चालू असताना परीक्षा आली. केंद्र संभाजीनगरला. पहाटेच्या गाडीने दोघं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गेले आणि तीन तास कॉम्प्युटरपुढे बसून परत आले.

निकालात असाइनमेंटला 25 आणि परीक्षेला 75 गुण. असाइनमेंटला किमान 10 आणि परीक्षेत किमान 30, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. मुलीला असाइनमेंटला 24, परीक्षेत 34. एकूण 58, पास. मुलाला 18 आणि 60. एकूण 78, म्हणजे प्रमाणपत्रावर 'एलिट' आणि वर रौप्य.

नानांनी दोन्ही कागद बघितले. 24 कुठे, 18 कुठे, आणि शेवटी हे उलटं कसं, त्यांना उमगेना. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "माझे चोवीस यूट्यूबचे आहेत नाना. चौतीस तेवढे माझे."

जानेवारीत तिने तोच कोर्स पुन्हा लावला. दुकानातून चौकटीची वही आणली. "पास झालीस ना? मग परत कशाला?" असं आईने एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भाकरी उलटली.

नानांचं डोकं मात्र फ्लेक्सवरच होतं. निवडणूक अजून व्हायची होती. ते थेट रिवायंडिंगच्या दुकानात गेले, मुलगीही मागोमाग गेली. "पोराचा एक चांगला फोटो दे. गावाचं नाव काढलं त्यानं."

दुकानदाराने तांब्याच्या तारेचा वेढा तसाच हातात धरला. "नाना, फ्लेक्सला किती पडतात?"

"मोठा म्हटला तर हजार-बाराशे."

"मग त्याचा नका लावू. त्याचा पुढला कोर्स सुरू झालाय, त्याला शिकू द्या. तेवढ्यात परीक्षेची एक फी बसती. कुणाची तरी भरा."

नानांनी मुलीकडे बघितलं. "कुणाची राहिली गं?"

"दोघींची राहिली होती. त्यांनीपण परत नाव घातलंय."

"पावतीवर देणाराचं नाव येतं का?"

"नाही येत."

नानांनी खिशातला मोबाइल काढला, परत ठेवला. मग म्हणाले, "मुदत कधीपत्तोर हाये?"